आई परत भांडायला लागली

माझी आई भांडखोर होती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, कौतुकाने सांगते आहे. गोंदियाजवळच्या दवनीवाड्याच्या अलीकडे आमचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्या बांध्यांच्या पाळीवर उभी राहून आई बोलायला लागली की गावाच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. कुणाची म्हैस आमच्या पऱ्ह्यात, धानाच्या कोवळ्या रोपांत, शिरली, कुणी आमच्या बांधीचं पाणी फोडून आपल्याकडे वळवलं, की तिचा पदर कंबरेला खोचला जायचा. पण सकाळी जिला फाडून खाल्लं तिच्याच घरी संध्याकाळी ती ताकाचा गडू घेऊन जायची. माझ्याशीही रोज एकदा भांडण व्हायचं. त्याशिवाय आम्हा दोघींना जेवण जात नसे.

आमचं घर पोवारांचं. पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले, इथे येऊन त्यांनी धानाची शेती धरली. घरात माणसं चार: बाबा, आई, मी आणि बाबांची थोरली बहीण. ही आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली होती आणि बाबांना तिनेच वाढवलं होतं. ती कबीरपंथी, गळ्यात तुळशीची कंठी. त्यामुळे आमच्या चुलीवर मांस, मासळी, अंडं काहीच चढत नसे. बाबा आणि आई तिला बाई म्हणत, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. बाबा तिच्यापुढे मान वर करत नसत, आई मात्र करायची. त्या दोघींची रोजची जुगलबंदी ऐकतच मी बोलायला शिकले, आणि माझं तोंड आज जसं आहे तसं का आहे, हे त्यावरून कुणालाही कळेल.

मी आठ वर्षांची असेन, दुसरी जागतिक लढाई अजून सुरू व्हायची होती, तेव्हा आई हळूहळू गप्प व्हायला लागली. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कुणाची बायको कमी भांडायला लागली म्हणून कुणी काळजी करतं का? मग तिचं अंग भरायला लागलं. गाल वर आले, सावळा रंग जाऊन पिवळट गोरेपणा आला, पापण्या जड झाल्या. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत आमच्याकडच्या बाया वाळून काडी होतात. आई फुगत होती.

"अंगाले लागलं वो तुले," विहिरीवरच्या बाया म्हणायच्या. "कशी गोरीगोमटी दिसून राहिली!"

आई नुसती हसायची. तेही उशिरा, बाया घागर उचलून निघाल्यावर.

आमच्या घरात बाईचे महिने लपून राहत नसत. ते चार दिवस ती पडवीत वेगळी बसायची, वेगळ्या ताटात जेवायची, चुलीकडे फिरकायची नाही. आई लागोपाठ तीन महिने बाजूला बसली नाही, हे आत्याने मनात टिपलं. माझ्यानंतर घरात पाळणा हलला नव्हता. अंग भरतं आहे, रंग उजळतो आहे, झोप आवरत नाही, बाजूला बसणं नाही. आत्याला आणखी काय पाहिजे होतं? तिने आईला विचारलंसुद्धा नाही, थेट शेजारीपाजारी गूळ वाटला.

आईला तेव्हा काहीतरी म्हणायचं होतं असं मला आता वाटतं. पण तोवर तिची जीभ जड झाली होती आणि आत्याच्या बोलण्याचा वेग तिला झेपत नव्हता.

मग तिची बडदास्त सुरू झाली. "आता वाकू नको. रोवन्याले जायाचं नाई. बसून खा," आत्याचा हुकूम. डिंकाचे लाडू, तुपाचा भात, अंगावर जाड वाकळ आणि दिवसभर झोप. त्या आजाराला जे जे मानवेल ते सगळं आत्या मोठ्या प्रेमाने पुरवत होती. सातव्या महिन्यात आईची ओटी भरली. हिरवं लुगडं नेसवलं, पण हिरव्या बांगड्या तिच्या सुजलेल्या हातात जाईनात. कासार दुसऱ्या दिवशी मोठ्या मापाच्या घेऊन आला. मी त्या दिवशी पोट फुटेस्तोवर पुरणपोळी खाल्ली आणि भाऊ होणार म्हणून गावभर सांगत सुटले.

नववा महिना गेला, दहावा गेला. अकराव्या महिन्यात आत्याने सुईणीला बोलावलं. ती म्हातारी पोटावर हात फिरवून बाहेर आली आणि पडवीत पाय धुताना म्हणाली, "लेकरू नाई, बाई. नुसती सूज हाय."

आत्याचा चेहरा मला अजून दिसतो. चूक तिची होती, आणि ती गावभर झाली होती. अशा वेळी माणसं करतात तेच तिने केलं. ती चूक उचलून आईच्या पदरात टाकली. "अकरा मयने तूप खाऊन राहिली अन् आमाले येडं बनवलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली. आई भिंतीला टेकून ऐकत बसायची. पूर्वीच्या आईने या एका वाक्यावर घर डोक्यावर घेतलं असतं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. वैशाखात जमीन भाजत असताना आई अंगणात उन्हात घोंगडी पांघरून बसायची आणि थंडी वाजते म्हणायची. केस मूठमूठ निघायचे. भुवयांची बाहेरची अर्धी बाजू पुसली गेली होती. आवाज घोगरा आणि इतका संथ झाला होता की वाक्याचा शेवट यायच्या आत मी पळून गेलेली असे. भात उतू जायचा आणि ती चुलीसमोर बसून त्याच्याकडे बघत राहायची. मैत्रिणी तिच्या चालण्याची नक्कल करायच्या. त्या माझ्या आईला हसतात म्हणून मी रडले असेन, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी रडले नाही. मीही नक्कल करून दाखवली, आणि माझी सगळ्यांत चांगली जमली.

उपाय केले नाहीत असं नाही. झाडपाल्याचे काढे झाले, अंगारे झाले. बाबांनी तिला बैलगाडीत घालून पार आमच्याकडच्या प्रतापगडाला, महादेवाच्या नवसाला नेलं. आईला गड चढवेना. बाबा वर जाऊन आले, आई खाली झाडाखाली घोंगडीत बसून राहिली. परतल्यावर आत्याने बाबांना पडवीत बसवून सांगितलं, "धान घरी आलं का हिले माहेरी नेऊन सोड. हिच्यानं आता पानी बी भरवत नाई. नदीपल्याडची पोरगी पाहून ठेवली हाय मी. घराले मानूस पाहिजे."

बाबा उठून बैलांना चारा घालायला गेले. आई तिथेच चार हातांवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. एकच खडा तिने किती वेळ बोटांत धरून ठेवला होता. तिला काही समजत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, म्हणून तिच्यासमोर काहीही बोलायचो.

आणि मी? मला आनंद झाला. नवी माय येणार, ती माझी वेणी घालणार, तिच्या हातात मोठ्या बांगड्या बसवाव्या लागणार नाहीत. हे मी विहिरीवर बोलून दाखवलं, आणि घरात आईच्या समोरही बोलले. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं बोलणं कुणी मनावर घेत नाही म्हणतात. मी आयुष्यभर घेतलं.

आईला वाचवलं ते माझ्या मूर्खपणाने. खळ्यावर खेळताना मी धानाचा एक दाणा कानात घातला. का घातला ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. तो आत फुगला, कान ठणकायला लागला, चौथ्या दिवशी ताप चढला. बाबांनी मला गोंदियाला न्यायचं ठरवलं. मी हट्ट धरला की आई आली तरच येईन. दुखायला लागलं की नवी माय कुठल्या कुठे गेली, आणि जुनीच पाहिजे झाली.

गोंदियात स्टेशनजवळच्या गल्लीत एक बंगाली डॉक्टर बसायचा. रेल्वेची नोकरी संपल्यावर तो तिथेच राहिला होता. गोंदियात कुणीही कुणाशी हिंदीच बोलतो, तसा तोही बोलायचा. आईने पदर हनुवटीपर्यंत ओढून माझं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. डॉक्टर चिमटा घेऊन वाकला आणि बाबांना विचारलं, "कब से है?"

बाबा बोलायच्या आत पदराआडून आई म्हणाली, "चार… दिवस… झाले."

डॉक्टरचा हात थांबला. चिमटा माझ्या कानात, आणि हा माणूस माझ्याकडे बघतच नाही!

"बाई, फिर से बोलो."

आईने पदर आणखी खाली ओढला. परक्या पुरुषाशी बोलले हेच खूप झालं, असं तिला वाटलं असणार. डॉक्टरने आधी माझा दाणा काढला, माझी बोंब थांबेपर्यंत वाट पाहिली आणि बाबांना म्हणाला, "इनसे कहो, एक से बीस तक गिनें."

आईने मोजलं. बारापर्यंत यायला तिला इतका वेळ लागला की मला लाज वाटली. मग त्याने बाबांची परवानगी मागून पदर मागे घ्यायला सांगितला. भुवया पाहिल्या, जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. तिला खुर्चीवर गुडघ्यांवर बसवून टाचेच्या वरच्या शिरेवर लहान हातोडीने टकटक केलं. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला आळस केल्यासारखं सावकाश आलं. ते पाऊल पाहून डॉक्टरच्या तोंडावर जे हसू आलं, त्याचा मला भयंकर राग आला.

मग तो माझ्याकडे वळला. "बच्ची, तेरी माँ पहले कैसी थी?"

मी म्हटलं, "भांडत होती."

"झगड़ती थी, साब," बाबांनी सांगितलं. "पूरे गाँव से."

डॉक्टरने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "यही पूछना था."

आईला बाहेरच्या बाकावर बसवून त्याने पुढे बाबांना जे सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही, बाबांनी नंतर कितीतरी वेळा सांगितलं म्हणून पाठ झालं. गळ्यात एक छोटी ग्रंथी असते. ती आटली की माणूस असा आतून थंड पडतो. पन्नासेक वर्षांपूर्वी विलायतेच्या डॉक्टरांकडेही अशाच सुजलेल्या, संथ बाया यायच्या आणि त्यांनाही उमजत नव्हतं. तिकडे कुणी गळ्याची गाठ कापताना ती ग्रंथी पुरती काढून टाकली, आणि ते रोगीही असेच झाले, तेव्हा धागा जुळला. मग एका डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा रस अशा एका बाईला टोचला, आणि ती उठून पुढे कितीतरी वर्षं जगली. आता तीच ग्रंथी वाळवून गोळ्या करतात, कलकत्त्याहून पार्सलने मागवता येतील. या डॉक्टरने शिकत असताना अशी एकच बाई पाहिली होती. वॉर्डात शिरण्याआधी त्याच्या मास्तरांनी विद्यार्थ्यांना दाराबाहेर उभं करून नुसता तिचा आवाज ऐकवला होता. तो आवाज त्याने तीस वर्षं जपून ठेवला. त्या मास्तरांचेही माझ्यावर उपकार आहेत, आणि ते कोण होते हे मला कधीच कळणार नाही.

"दवाई न मिली तो?" बाबांनी विचारलं.

"किसी जाड़े में सोएगी, फिर उठेगी नहीं," डॉक्टर म्हणाला. मग जरा हसून, "मिली तो झगड़ा वापस आएगा. सोच लो."

"आने दो, साब," बाबा म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसले. बाबांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

गोळी कशाची हे बाबांनी घरी सांगितलं नाही. कलकत्त्याची जडीबुटी आहे म्हणाले. आत्यासमोर मान वर न करणारा माणूस तिच्याशी इतकं सरळ खोटं बोलला, याचं मला आजही नवल वाटतं. आधी अर्धी गोळी, मग एक, हळूहळू वाढवत. एकदम दिली तर काळजाला झेपणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात आईने घोंगडी बाजूला टाकली. दुसऱ्या महिन्यात तोंडावरची सूज उतरली आणि आतून हाडं दिसायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आत्या हे सगळं बघत होती.

आणि एका सकाळी मी अंगणात दात घासत असताना बांधीच्या धुऱ्यावरून आवाज आला. "कोनाची म्हैस हाय वो ही? डोळे हायेत का कवड्या?" शेजारणीने उलट उत्तर दिलं. आईने त्यावर दुप्पट दिलं. मी तोंडातली राखुंडी तशीच घेऊन धावले. आई पदर खोचून पाळीवर उभी होती, आणि म्हैस सोडून शेजारीण तिच्याकडे तोंड वासून बघत होती. मी तिथेच बसकण मारून हमसून हमसून रडले. आईने मला एक रपाटा घातला, "रडतेस कायले?" म्हणून. इतकं गोड काही मी आयुष्यात खाल्लं नाही.

नदीपल्याडच्यांना आत्याने निरोप पाठवला, सोयरीक नको म्हणून. त्या गोष्टीचा घरात पुन्हा कुणी उल्लेख केला नाही. आईनेही नाही. तिला तेव्हाचं काही आठवत नसेल असं आम्ही सोयीने समजून घेतलं.

चार वर्षं बरी गेली. मग लढाई आमच्या अंगणापर्यंत आली, ती अशी. पार्सलं यायची बंद झाली. विलायतेचा माल येईना, कलकत्त्याचा दुकानदार उत्तर देईना. डॉक्टरने आपल्या कपाटातली शेवटची बाटली दिली. बाबांनी एकाची अर्धी, अर्ध्याची पाव करत ती पुरवली. ती संपल्यावर दोन महिन्यांत आईने घोंगडी परत काढली. या वेळी मी चौदा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. सकाळी उठले की आधी तिचा श्वास चालतो का बघायची. हिवाळा जवळ येत होता.

बाबा गोंदियाला जाऊन आले आणि अंगणात पाटावर बसून त्यांनी एक कागद उलगडला. त्यावर डॉक्टरने मेंढीची मान काढली होती, आणि घशाच्या नळीच्या दोन बाजूंना दोन छोटे ठिपके. सुरुवातीच्या काळात गोळ्या नव्हत्या, तेव्हा विलायतेतसुद्धा खाटकाकडून हेच आणून बायांना खाऊ घालत. तसंच आता करायचं. वाळवायचं, कुटायचं, रोज एका गुंजेच्या वजनाइतकी पूड द्यायची. बाबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. चार वर्षांच्या गोळ्यांचंही सांगितलं.

आत्याचा हात कंठीवर गेला. "चार वर्स माह्या घरात मेंढी खाऊन राहिले तुमी?"

"मीच आनत होतो, बाई," बाबा म्हणाले. "तिले बी ठाऊक नोयतं."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या ओठांकडे आम्ही तिघंही बघत राहिलो, कारण शब्द येतो आहे हे दिसत होतं आणि तो पोचत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "बाईच्या… घरात… ते नाई. मी… नाई खानार."

आत्या उठून आत गेली. दोन दिवस ती आतच कंठी चाचपत बसून राहिली. मी तिला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की आईचंच रक्त अंगात आहे हे सिद्ध व्हावं. हिची कंठी आणि माझी माय, यात ही काय निवडणार हे मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. तिने एकदा निवडलं होतंच.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. आत्याने सकाळीच आंघोळ केली, कंठी उतरवून कोनाड्यात ठेवली आणि बाबांना म्हणाली, "गाडी जुंप. कागद घे."

खाटकाच्या दुकानासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली. मी तिच्या मागे होते. तिने नाकाला पदर लावला नाही. खाटकाने कागद उलटसुलट केला, हसला. तो हे तुकडे कुत्र्यांना टाकायचा. मग सुरी घेऊन त्याने नळीच्या दोन्ही बाजूंचे लालसर तुकडे हलक्या हाताने सोडवले आणि पळसाच्या पानात बांधून दिले. पुढच्या बाजारापासून तो ते आमच्यासाठी आठवणीने बाजूला ठेवायला लागला. कधी विसरला नाही.

घरी गोठ्यामागे आत्याने वेगळी चूल मांडली. आम्हा कुणाला हात लावू दिला नाही. पातळ काप करून, वर फडकं बांधून उन्हात, मग मंद निखाऱ्यावर नव्या मातीच्या तव्यात. कुटायला नवा खलबत्ता. ते करताना तिला दोनदा उलटी झाली, ती आंब्याच्या झाडाखाली जाऊन करून आली आणि तोंड धुऊन पुन्हा बसली. सोनाराकडची गुंज आणून पूड तोलली, गुळाच्या खड्यात भरली आणि तो खडा घेऊन ती आईसमोर येऊन बसली.

आईने मान फिरवली.

आत्या म्हणाली, "काऊन? आता काय राहिलं बाटाचं? कंठी तं काढली मी."

 आम्ही वाट पाहिली. अंगणात कोंबडा येऊन दाणे टिपून निघून गेला, इतका वेळ.

"मी… समदं… आयकत होती," आई म्हणाली. "नदीपल्याडची पोरगी… माहेरी सोड मनाची… ते बी. समदं आयकत होती. बोल… गळ्यापर्यंत यायचे. तुमी… उठून गेलेल्या राहत."

मी त्या वेळी कुठे बघावं ते मला कळेना. पाच वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. बरी असताना, रोज गावाशी भांडत असताना, आमच्यापैकी एकालाही ती यावरून एक शब्द बोलली नव्हती.

आत्याने खडा खाली ठेवला नाही. "आयकलं ना? मंग खा," ती म्हणाली. "खा, बरी हो, अन् मले समोर उभी करून शिव्या दे. जेवढ्या साचल्या असतील तेवढ्या दे. मी उठून जानार नाई."

आईने किती तरी वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

त्या दिवसापासून आत्या रोज सकाळी आईच्या शेजारी बसायची. डॉक्टरने सांगितलं होतं, पूड जास्त झाली तर नाडी धावेल. घड्याळ आमच्याकडे नव्हतं. म्हणून आत्या एका हाताने आईचं मनगट धरायची, दुसऱ्या हाताची बोटं आपल्या गळ्यावर ठेवायची, आणि दोन्ही नाड्या ताडून बघायची. आपल्यापेक्षा हिची फार पळते असं वाटलं की दुसऱ्या दिवशी पूड चिमूटभर कमी. आईच्या आणि तिच्या नाडीने त्या हिवाळ्यात जितकं एकमेकींना ओळखलं, तितकं त्या दोघींनी आधीच्या सगळ्या वर्षांत ओळखलं नव्हतं.

संक्रांत उलटून गेल्यावर एका दुपारी आईने आत्याला अंगणात बोलावलं. घोंगडी केव्हाच गेली होती. आईने पदर खोचला आणि सुरुवात केली ती ओटीपासून. गूळ वाटलेला, न विचारता भरवलेलं तूप, "येडं बनवलं" म्हणून गावभर केलेली बदनामी, सुपातला तांदूळ, नदीपल्याडची पोरगी. एकेक काढून ती आत्याच्या तोंडावर मारत होती, आवाज खणखणीत, श्वास न घेता. बाबा दारात आले आणि तसेच मागे फिरले. मग आई माझ्याकडे वळली. "अन् तुले नवी माय पाहिजे होती, नाई का?" म्हणाली, आणि माझीही सालटी काढली. मी रडतही होते आणि हसतही होते.

आत्या मघापासून उभीच होती, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून, कंठीविना रिकाम्या गळ्याने. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती. तिची दया येऊन मी मध्ये पडले, "माय, पुरे कर," म्हटलं.

आत्याने मला हाताने मागे सारलं.

"थांब वो," ती म्हणाली. "तिचं झालं नाई अजून."